बांधावरचे मीठ

आश्विनातल्या एका गुरुवारी आम्ही घराला कुलूप लावले आणि शेतातल्या झोपडीत राहायला गेलो. कुलूप मी लावले. किल्ली कनवटीला खोचली.

त्या वर्षी जर्मनीशी युद्ध अजून चालू होते. पावसाने अर्ध्यावर पाठ फिरवली होती आणि शेतातली भाते उभ्याउभ्या करपली होती. त्यातच तो ताप आला. लोक त्याला मानमोडी म्हणत, कारण तो आला की माणसाला मान उचलवत नसे. मी दहिवलीच्या शाळेत मास्तर होतो. शाळा बंद झाली तेव्हा मुलांना मी घरी जा म्हणालो, आणि पुढे काय करायचे ते पाहण्यासाठी पेटीतून एक पुस्तिका काढली. ती प्लेगच्या दिवसांत वाटलेली होती. घर सोडावे, चार कौले काढून आत ऊन पडू द्यावे, आणि बंद केलेल्या घरातली वस्तू पुन्हा बाहेर आणू नये, असे तीत लिहिले होते.

हे मी पत्नीला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती.

"उंदीर तर आढ्यावर पळताहेत," ती म्हणाली. "प्लेगात उंदीर आधी मरतात ना? मग हा प्लेग कसा?"

"रोग निराळा असला तरी नियम तेच," मी म्हणालो.

तिची शाळा तिसरीत सुटली होती. पण ती आधी डोळ्यांनी पाही, आणि मी आधी वाची. एवढाच आम्हा दोघांत फरक होता, आणि त्या वेळी तो माझ्या बाजूचा आहे असे मला वाटे.

नियमाबद्दल माझा हट्ट का होता तेही सांगितले पाहिजे. मी नऊ वर्षांचा असताना गावात प्लेग आला. आम्ही सगळे माळावर राहायला गेलो होतो. वडील देव्हाऱ्यातला शाळिग्राम आणायला बंद घरात गेले. त्यांनी तो आणला. पाचव्या दिवशी ते गेले.

झोपडी नदीकडच्या शेतात होती. कारवीचे कूड, वर पेंढा. शंभर पावलांवर दुसरी झोपडी होती. तिथे एक म्हातारा शेतकरी आपल्या बायकोला घेऊन आला होता, तोही माझ्याच सांगण्यावरून. जवळ जायचे नाही असे ठरले होते, म्हणून आम्ही ओरडून बोलत असू.

"मास्तर, सुट्टी किती दिसांची?" तो रोज सकाळी विचारी.

"साहेबाचा हुकूम येईपर्यंत."

"मंग साहेबालाच मानमोडी झाली असंल."

आम्ही बरोबर थोडेच सामान आणले होते. तांदूळ, दोन भांडी, अंथरुणे, आणि मिठाची एक पुडी. बाकीचे दुकानातून आणू असा विचार होता. तिसऱ्या दिवशी मी दुकानावर गेलो तर फळ्या लावलेल्या. वाणी मुलाबाळांना घेऊन आपल्या मुलखाला निघून गेला होता. कर्जतच्या बाजारात एक दुकान उघडे होते, पण तिथेही मीठ आणि घासलेट संपले होते. मिठाच्या गाड्या पनवेलहून येत. गाडीवानच अंथरुणाला खिळले, तर गाड्या कोण हाकणार? दवाखान्यात डॉक्टर स्वतःच आजारी होता. कंपाउंडरने मला गुलाबी औषधाची एक बाटली दिली आणि दुसरी मागायला येऊ नका म्हणाला.

पाचव्या दिवशी पत्नीला ताप भरला.

आश्विनात नदीकाठी पहाटे फार दव पडते. पेंढा ओला होई आणि कुडातून गारवा आत येई. तिला खोकला होता, छाती दुखत होती. मला एवढेच कळत होते की झोपडीत विस्तव राहिला पाहिजे. पण भातखाचरांत लाकूड कुठले? डोंगर दोन कोसांवर, आणि तिला टाकून रोज जाणे शक्य नव्हते.

लाकूड आणी ती ठाकरवाडीवरची एक बाई. गळ्यात हिरव्या मण्यांच्या खूप माळा, डोक्यावर मोळी. एरवी ती दहिवलीत दारोदार मोळी विकी. आता गावात कुणी दार उघडत नव्हते, म्हणून ती आमच्या बांधावर आली आणि वीस पावलांवर उभी राहिली. वाडीवरची माणसे कुणालाच अहो-जाहो करीत नाहीत.

"मास्तरा, मोळी हवी का रं?"

मी पैसे दाखवले.

"पैशे काय कालवनात घालू? दुकान हाय का उघडं? मीठ दे."

त्या लोकांचे सगळे डोंगरावर पिकते आणि मिळते, मीठ तेवढे खालून न्यावे लागते. बांधावर एक सपाट दगड होता. मी त्यावर ओंजळभर मीठ ठेवून मागे सरलो. तिने मीठ पदरात बांधले, मोळी टाकली, आणि गेली. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी माझी पुडी रिकामी होती.

"आज घे," ती म्हणाली. "म्होरल्या येळंला दोन ओंजळी ठेव. वाडीला समदी आळनी खात्यात. तोंडाला चव नाय तर आजारी मानूस खाईल कसं?"

मोळी टाकून ती गेली. पत्नीने आतून ऐकले होते.

"घरी बरणी भरलेली आहे," ती म्हणाली. "श्रावणातच भरली मी."

"घरातलं काही आणायचं नाही."

माझ्या वडिलांची गोष्ट तिला ठाऊक होती. तिने पुन्हा विचारले नाही. आमचे घर तिथून हाकेच्या अंतरावर होते. झोपडीतून त्याची कौले दिसत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी मिठासाठी खालापूरला निघालो. म्हाताऱ्याला पत्नीकडे लक्ष ठेवायला सांगितले. वाटेत गावे गप्प होती. कुंभिवलीशी पोचलो तर रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या, आणि पलीकडे काठ्या घेऊन दोघे बसलेले.

"कुठलं?" एकाने विचारले.

"दहिवलीचा. शाळेत मास्तर आहे."

"मास्तर असा न्हाय तर मामलेदार असा, इथनं म्होरं जायचं नाय."

"खालापुरात मीठ मिळेल का, एवढं सांगा."

दोघे हसले. "खालापूरची मानसं काल आमच्याकडंच मीठ मागाया आली व्हती. त्यांना बी हितनंच फिरवली."

घरी पत्नी आजारी आहे, असे मी म्हणालो. ते बोलायला नको होते. दोघे उठून मागे सरकले. मी तिथेच रस्त्यावर बसलो. बऱ्याच वेळाने एक बाई आली. त्यांच्यापैकी एकाची बायको असावी. तिने पळसाच्या पानात काही गुंडाळून काट्यांवरून माझ्याकडे फेकले.

"एवढंच हाय," ती म्हणाली. "जावा आता."

चिमूटभर मीठ होते. एका माणसाच्या एका दिवसाचे.

मी परतलो तेव्हा ऊन कलले होते. शेजारचा म्हातारा वळकटी बांधत होता.

"मास्तर, आमी चाललो घरला," तो ओरडला. "म्हातारी रातभर काकडली. घरात चूल हाय, दार हाय. उंदीर नाचत्यात तर नाचूंद्यात. तुमी बी वैनींना न्या. पाहिजे तर मी येतो हात द्यायला."

मी पुस्तिकेतले त्याला पुन्हा सांगितले. तो ऐकून घेऊन म्हणाला, "तुमी शिकलेली मानसं." त्यात टोमणा होता की नाही ते मला अजून ठरवता आले नाही. तो गेला.

त्या दिवशी पत्नीने पेजेचे दोन घोट घेतले आणि भांडे बाजूला केले. "मीठ मिळालं का?" तिने विचारले.

पळसाच्या पानाची पुडी माझ्या कनवटीला होती. पेजेत ते मीठ घातले असते तर तिने कदाचित आणखी दोन घोट घेतले असते. पण लाकडे संपत आली होती. मी ते मीठ बांधावरच्या दगडावर ठेवले, वर करवंटी पालथी घातली, आणि ठाकरीण येईल म्हणून वाट पाहत बसलो. मीठ मिळाले नाही, असे मी पत्नीला सांगितले. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिच्याशी बोललेले ते शेवटचे खोटे.

ठाकरीण आली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी कुडाच्या कारव्या उपसून जाळल्या, त्यामुळे वारा जास्तच आत येऊ लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी दव सुकायच्या आत पत्नी गेली. तिचे हात मी माझ्या हातांत घासत होतो. ते आधीच गार होते, म्हणून ती नेमकी केव्हा गेली हे मला सांगता येणार नाही.

खांदा द्यायला तो म्हातारा आला, आणि त्याने आणलेले आणखी दोघे. चौथा मी.

बांधावरची करवंटी मी नंतर उचलली. मीठ दवाने पाझरून गेले होते, दगड नुसता ओला होता.

घराचे कुलूप मी दिवाळी झाल्यावर काढले. आढ्यावर उंदीर पळाले. फडताळात बरणी होती तिथेच होती, वर तिने दादरा बांधलेला. मीठ थोडे पाझरले होते, पण बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. मी त्यातले निम्मे फडक्यात बांधून त्या दगडावर नेऊन ठेवले. कुणी नेले नाही. पुढे माघात वाडीवरची दुसरी बाई मोळी घेऊन दारात आली, तेव्हा मी हिरव्या मण्यांच्या बाईची चौकशी केली.

"ती गेली रं तवाच," ती म्हणाली. "तिचा दादला बी गेला. तुला मोळी हवी का?"

मी मोळी घेतली आणि तिला मीठ दिले. तिने पैसेच मागितले, कारण तोवर दुकान उघडले होते. मी तेही दिले.

आता या गोष्टीला बरीच वर्षे झाली. त्या पुस्तिकेला कसर लागली, पण ती मी टाकलेली नाही. घरात मी एकटा असतो. बरणीत मीठ आहे.