चरोद्याची कपड्यांची तार

कंगवा केसांतून फिरवला, कागदाच्या कपट्यांजवळ धरला आणि कपटे टुणकन उडून कंगव्याला चिकटले. बारावीच्या फिजिक्सचा पहिला धडा, विद्युतप्रभार आणि विद्युतक्षेत्र, मी असाच सुरू करायची. एप्रिलमध्ये भिलाईची हवा इतकी कोरडी असते की हा प्रयोग दगा देत नाही. पोरं हसली, दोघातिघांनी आपापले कंगवे काढले. तेवढ्यात खिडकीजवळून प्राची रामटेकेचा हात वर आला.

"मॅडम, कपड़े सुखाने के तार में भी चार्ज आता है क्या?"

"आता है ना. सिंथेटिक साडी घासली गेली असेल," मी म्हटलं.

"मम्मी कॉटनच पहनती है. फिर भी झटका लगता है. रोज."

मी पुढे काही विचारायच्या आत दाराजवळच्या बाकावरून नेहा कापगते फाडकन बोलली, "हमारे कूलर से नहीं आता!"

सगळा वर्ग तिच्याकडे वळला. कंगवा माझ्या हातात तसाच.

ह्या दोघी सहावीपासून एका बाकावर बसायच्या. भिलाईजवळच्या चरोद्यात, रेल्वे यार्डाला लागून, दोघींची घरं शेजारी शेजारी. डबा एक, गाईड एक, शाळेत यायची ऑटो एक. त्या आठवड्यात मात्र एक खिडकीशी आणि एक दाराशी बसत होती. मला वाटलं, पोरींचं काहीतरी बिनसलं असेल, होईल गोड. पण इथे तर कूलर मधे आलेला!

मधल्या सुट्टीत प्राचीला स्टाफरूममध्ये बोलावलं. वर्गात ही पोरं हिंदी बोलतात, पण माझ्यासमोर एकटं कोणी आलं की घरची मराठी सुरू होते. मीही इथलीच. बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये होते, आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे.

"काय झालं गं?"

"मॅडम, आईले तारेचा झटका लागते. पप्पा म्हणतात कापगते काकाच्या कूलरचा करंट उतरून राहिला. काका म्हणतात माहा कूलर नवा आहे. मंग दोघं लय भांडले. आता पप्पा म्हणतात, त्यायच्या घरी पाय ठेवायचा नाई."

"मग अभ्यास?"

तिचे डोळे भरून आले. दोघी रोज संध्याकाळी कापगतेंच्या पुढच्या खोलीत अभ्यास करत, त्याच कूलरसमोर. प्राचीचं गणित पक्कं, नेहाची केमिस्ट्री. बोर्डाचं वर्ष सुरू झालेलं, आणि दोघींची अर्धी अर्धी डोकी वेगवेगळ्या घरात. नेहाने तर सेक्शन बदलून द्या म्हणून क्लास टीचरला सांगूनही टाकलं होतं.

मला राग आला. दोन मोठी माणसं एका तारेवरून भांडतात आणि किंमत पोरींनी मोजायची! मी प्रिन्सिपल सरांना म्हटलं, "सर, रविवारी मी चरोद्याला जाऊन येते."

सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मैडम, आपको फिज़िक्स पढ़ानी है. पंचायत नहीं."

"सर, ही फिजिक्सचीच पंचायत आहे."

"सेक्शन बदलने का फैसला मंगल को करूँगा," ते म्हणाले. म्हणजे मंगळवारपर्यंत मला मोकळीक होती.

रविवारी सकाळी स्मृती नगरच्या माझ्या घरून स्कूटी काढली. प्राचीचे वडील रामटेके भाऊ रेल्वे यार्डात वॅगन दुरुस्तीचं काम करतात. शिस्तीचा माणूस, घरातही बूट रांगेत. "जयभीम मॅडम, या, बसा," म्हणाले आणि बसायच्या आत मला मागच्या अंगणात घेऊन गेले. वंदनाताई, म्हणजे प्राचीची आई, चहाचं विचारत होत्या, त्यांचं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही.

मागे भिंत. भिंतीपलीकडे यार्डाची शेवटची लाईन, तिच्यावर रेल्वेची विजेची तार. भिंतीच्या अलीकडे, तिला अगदी समांतर, कपडे वाळवायची लोखंडी तार. एक टोक रामटेकेंच्या बाथरूमकडे, दुसरं टोक थेट कापगतेंच्या खिडकीपाशी. आणि त्या खिडकीत आरोपी कूलर.

"पाहा मॅडम," भाऊ म्हणाले, "अंधळ्यालेही दिसन करंट कुठून येऊन राहिला ते."

मी तारेला बोट लावलं. "आई गं!" मुंगी कडकडून चावावी तसा चटका. वंदनाताई पदर तोंडाला लावून हसल्या. "आता झाली ना खात्री? मले तं घरचे म्हणत होते, तुह्या मनाचे खेळ आहेत."

"ही तार पहिल्यापासून इथेच आहे?"

"नाई. पहिले समोर होती, लोखंडी खांबाले. कपड्याले त्या खांबाच्या जंगाचे डाग पडत. म्हणून होळीत यायनं मागं बांधली, बांबूले. तवापासून चिमटे बसतात."

"मंग मी इन्सुलेटर लावले," भाऊ अभिमानाने म्हणाले. दोन्ही टोकांना चिनी मातीचे पांढरे इन्सुलेटर होते, म्हणजे वीज पलीकडे जाऊ न देणारे गट्टू. दुर्गच्या बाजारातून खास आणलेले. "सेफ्टीत आपण कधीच कमी नाई पडत."

"आणि झटका कमी झाला?"

भाऊंनी मान खाजवली. "वाढला. म्हणूनच तं म्हणतो, तिकडून जास्त सोडून राहिला तो."

आता कापगतेंना बोलावणं भाग होतं. ते प्लांटमध्ये क्रेन चालवतात, गोल चेहऱ्याचा, एरवी हसतमुख माणूस. पण अंगणात यायला तयार नाहीत. मधल्या भिंतीवरून फक्त डोकं दिसलं.

"नमस्कार मॅडम. मी त्यायच्या अंगणात नाई येत. मले चोर म्हटलं त्यायनं."

"चोर नाई म्हटलं," भाऊ तारेकडे बघत बोलले. "लापरवा म्हटलं."

"पाहा! पाहा मॅडम!"

"कापगते भाऊ, भांडण मग करा. आधी तुमचा मेन स्विच बंद करा."

"कावून?"

"कारण मी म्हणते म्हणून."

शिक्षकी आवाज लावला की भलेभले ऐकतात. खटका पडला, कूलरची घरघर थांबली. मग रामटेकेंचाही मेन बंद केला. मी पर्समधून आणलेला टेस्टर तारेला लावला, वर बोट ठेवलं आणि ऊन लागू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा केला. टेस्टरमध्ये मंद लाल दिवा लागलेला!

दोन्ही घरांची वीज बंद, आणि तारेत जीव आहे.

"पाह्यलं का?" भिंतीवरचं डोकं गरजलं.

"असन दुसरीकून येत," रामटेके भाऊ हटायला तयार नाहीत. "पण मॅडम, माह्यापाशी पक्का पुरावा आहे. मागच्या हप्त्यात हे लोक एक दिवस लग्नाले साकोलीले गेले होते. घराले कुलूप. त्या दुपारी हिले एकही झटका नाई लागला. मीच विचारलं होतं. हे वापस आले, की चालू. आता सांगा!"

खरं सांगायचं तर मीही गडबडले. पुरावा तगडा होता. मी नुसतीच वर बघत उभी राहिले, आणि वर बघितल्यावर जे दिसायचं तेच दिसलं. रेल्वेची तार. पंचवीस हजार व्होल्टची.

इथे थोडं फिजिक्स सांगते, घाबरू नका. कुठल्याही चार्जच्या भोवती अशी एक जागा असते, जिथे दुसरा चार्ज आणून ठेवला तर त्याला ओढ किंवा धक्का बसतो. त्या जागेला फील्ड म्हणतात, मराठीत क्षेत्र. स्पर्श लागत नाही, मधे काही असावं लागत नाही. पोरांची गाडी नेमकी इथेच अडते. 'दिखता नहीं तो है कैसे?' दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

"वंदनाताई, त्या दुपारी आणखी काही वेगळं होतं का? आठवा बरं."

"काय वेगळं? हां, शांत होतं. एकही इंजिन नाई धडधडलं. मी चांगली झोपली."

मी भाऊंकडे वळले. "भाऊ, त्या दुपारी वरची लाईन चालू होती का?"

रामटेके भाऊ बोटांवर दिवस मोजू लागले. मग हळूच म्हणाले, "ब्लॉक होता."

ब्लॉक म्हणजे दुरुस्तीसाठी वरच्या तारेची वीज ठरवून काही वेळ बंद ठेवतात तो काळ. रेल्वेच्या माणसाला हे श्वासासारखं माहीत असतं. म्हणूनच कदाचित त्या दिवशी त्यांना आठवलं नसावं.

"पण मॅडम, ती तार तं तिकडे दूर आहे! हिले टेकतही नाई!"

"टेकावी लागत नाही, पप्पा!" मागून प्राची ओरडली. "फील्ड आहे!"

मी तिच्याकडे बघितलं. माझ्या कंगव्याने जे झालं नव्हतं ते झालं होतं.

मग मी अंगणातच शिकवलं. वरच्या तारेतला चार्ज सेकंदात पन्नास वेळा उलटसुलट होतो. त्याच्या फील्डमुळे खालच्या तारेतला चार्जही इकडेतिकडे ढकलला जातो. तार लोखंडी खांबाला बांधली असती तर तो खांबातून गुपचूप जमिनीत गेला असता. पण भाऊंनी बांबू लावला, वर इन्सुलेटर लावले, जमिनीकडे जायची वाटच बंद करून टाकली. मग जो हात लावेल तोच वाट. "तुम्ही जितकी सेफ्टी वाढवली, तितका ताईंचा चटका वाढला," मी म्हटलं.

वंदनाताईंनी नवऱ्याकडे असं काही बघितलं की पंचवीस हजार व्होल्ट फिके पडावेत.

"ऐकायले बरं आहे," भाऊ पुटपुटले. "पण सबूत पाहिजे."

बरोबरच होतं. शास्त्रात मलाही पुरावाच लागतो. "पुढचा ब्लॉक कधी?"

"उद्या दुपारी."

सोमवारी शाळा सुटताच दोघी पोरींना घेऊन मी पुन्हा चरोद्याला. ऑटोत दोघींच्या मधे मी. एक डावीकडे बघतेय, एक उजवीकडे. कापगते रात्रपाळीवाल्या मित्राशी ड्युटी बदलून घरी थांबले होते, पण भिंतीपलीकडेच.

अर्ध्या दिवसाची रजा घेतलेल्या भाऊंनी ब्लॉक सुरू झाल्याचं यार्डात फोन करून पक्कं केलं. मी भिंतीपलीकडे गेलेल्या नेहाला म्हटलं, "आता तुमचा कूलर लाव. फुल्ल." कूलर घरघरला. टेस्टर प्राचीच्या हातात दिला. तिने तारेला लावला, आडोसा केला.

"नहीं जल रहा," ती म्हणाली. मग तिनेच तारेवर सरळ बोट ठेवलं. वंदनाताई "अगं, अगं" करत धावल्या. पोरगी हसत उभी.

आरोपी चालू, आणि झटका नाही. आम्ही तिथेच बसून राहिलो. वंदनाताईंनी चिवडा आणला. ब्लॉक संपल्याचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "नेहा, आता कूलरच नाही, मेनच बंद कर." खटका पडला. टेस्टर पुन्हा तारेला, आणि आत लाल दिवा.

"जल गया!" भिंतीपलीकडून नेहा ओरडली. ती केव्हाच स्टुलावर चढून बघत होती.

रामटेके भाऊंनी पक्कड आणली आणि तार स्वतःच्या हाताने सोडली, रबरी मोजे घालून. बांबूंना नायलॉनची दोरी बांधली. दोरीत चार्ज असा धावत नाही, त्यामुळे चटक्याचा प्रश्नच मिटला. काम झाल्यावर हात धुतले, शर्ट झटकला आणि पुढच्या दाराने निघाले. आम्ही सगळे मागोमाग.

कापगते दारात उभे. दोघं एकमेकांकडे बघतायत. मला वाटलं, आता माफी मागतील. भाऊ सरळ आत गेले, बंद कूलरसमोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "कावून बंद ठेवला बे? लाव ना. केवढं गरम होऊन राहिलं."

कापगतेंनी मेन चालू केला. कूलर लागला. कापगते वहिनींनी आतून विचारलं, "भाऊजी, चहात साखर तेवढीच ना?" भाऊ म्हणाले, "तेवढीच." पोरी तोवर कॉटवर पसरल्या होत्या आणि कोणाच्या पप्पांची चूक जास्त यावर हिंदीत कचाकचा भांडत होत्या. ऐकून बरं वाटलं.

मंगळवारी प्रिन्सिपल सरांनी विचारलं, "सेक्शन का क्या करना है?"

"काही नाही सर. एकच बाक पुरतोय."

"और आपकी पंचायत?"

"फिजिक्स जिंकलं."

त्यानंतर मी हा धडा चरोद्याच्या तारेपासून सुरू करते. पोरांना विचारते, घरी कुठे हात लावला की झटका बसतो का? तीन-चार हात वर येतात. मग विचारते, त्यावरून शेजारी कोणाला दोष दिलाय का? हात तेवढेच राहतात. शेवटी विचारते, ज्याला दोष दिला त्याचं मेन एकदा तरी बंद करून पाहिलं का?

सगळे हात खाली जातात.