सुळक्याची उत्तरेकडची वाट

त्या सुळक्यावर उत्तरेकडून चढणारी वाट डोंगरात फिरणारे लोक माझ्या नावाने ओळखतात. ती वाट मी काढलेली नाही, माझ्या मित्राने काढली.

आम्ही दोघे नांदेडच्या एकाच कॉलेजात शिकवायचो आणि दर हिवाळ्यात मनमाडची गाडी पकडून डोंगरात जायचो. पायथ्याच्या गावात पुण्या-मुंबईची मंडळी भेटत. "तुमच्याकडे डोंगर आहेत तरी कुठे?" म्हणून हसत. मला ते लागायचं, त्याला नाही.

एका हिवाळ्यात सुट्या दगड-मातीच्या घसाऱ्यावरून रांगत आम्ही त्या सुळक्याच्या कड्याशी पोचलो. पुढे दोन कातळांमधली उभी, अरुंद फट. मी म्हणालो, "परत फिरू."

तो देवणी गावचा. लहानपणी उन्हाळे विहिरीत चढण्या-उतरण्यात गेलेले. "का घाबरायलास गड्या? ही तर आमची हीर हाय, फक्त पाणी न्हाई." पाठ एका कातळाला, पाय दुसऱ्याला टेकवून तो सरकत वर गेला. मग दोर खाली सोडून मला जवळजवळ ओढूनच वर घेतलं. "सर, पोट लई झालंय तुमचं!" वरून ओरडत होता. माथ्यावर आम्ही कितीतरी वेळ वाऱ्यात बसलो.

संध्याकाळी खाली आल्यावर मंडळींनी विचारलं, वाट कुणी काढली? तो चूल पेटवत होता. मी म्हणालो, "मी."

त्याने ऐकलं, पण मान वर केली नाही. पुढच्या हिवाळ्यात म्हणाला, "तू जा. मला रानात ज्वारीचं काम हाय." त्यानंतर तो कधीच आला नाही. पुढे कित्येक वर्षं मी इतरांबरोबर गेलो. दोरावर माझी थट्टा करणारं कुणी नव्हतं.

परवा काही पोरांनी फोन केला. त्या फटीत पहिला पाय कुठे ठेवायचा, विचारत होती. मला सांगता येईना. मी फक्त दोराकडे बघत चढलो होतो. त्यांना खरं काय ते सांगितलं आणि देवणीला गेलो.

त्याचे गुडघे गेलेत. अंगणात बाजेवर बसला होता. म्हणालो, "पोरांना तुझं नाव सांगितलं."

"कवा चाललेत पोरं?"

"दिवाळीनंतर."

"वर पोचल्यावर मला फोन लावा म्हणावं. बोलू नका काही. वारं ऐकायचंय."

मलाही ते ऐकायचं आहे. पोरं चढतील त्या दिवशी त्याच्याजवळ येऊन बसू का, हे मात्र अजून विचारलेलं नाही.