उजवं टोक

गोंदाने जोडलेल्या धातूच्या पट्ट्यांमधून भेग कशी पसरते, याचं मॉडेल शेजारची मुग्धा संगणकावर तयार करते आहे. पडद्यावर दोन राखाडी पट्ट्या दिसतात आणि मध्ये गोंदाचा पिवळा थर. भेग डावीकडून निघते आणि सरळ पुढे जाते.

"डावीकडूनच का?" मी विचारलं.

"तिथे मीच चीर देऊन ठेवलीय, काका. त्याशिवाय मॉडेल तुटतच नाही."

प्रयोगशाळेतल्या खऱ्या जोडालाही तिने डावीकडे ब्लेडने चीर दिली होती. काल तो जोड उजवीकडून सुटला. उद्या सरांना मॉडेल आणि जोड दोन्ही दाखवायचे आहेत. जुळलं नाही तर प्रबंध आणखी लांबेल.

"मग उजवीकडेही दे की एक," चहा ठेवत तिची आई म्हणाली.

"का दिली विचारतील ना, आई. काय सांगू?"

सुटलेल्या पट्ट्या टेबलावर होत्या. डावीकडे ब्लेडची खूण स्पष्ट होती. उजवीकडे मी बोट फिरवलं, काही लागलं नाही. मी वार्ताहर; बातमीतही सुरुवात कुठून झाली ते लिहावं लागतं. ती बहुधा सगळं घडून गेल्यावर ठरते. मग घडत असताना ती कुठे असते, कळत नाही.

मुग्धाने मॉडेल पुन्हा सुरू केलं. भेग डावीकडून निघाली. मुग्धा मात्र उजव्या टोकाकडे बघत बसली होती.