एक्स मानू

परवा तू गणिताच्या वहीचा फोटो पाठवलास. उत्तर बरोबर, तरी पायऱ्या न लिहिल्यामुळे गुण कापलेले. "आजी, हे बरोबर आहे का गं?" मी ताबडतोब कळवलं, बाईंचं बरोबर आहे. तेव्हापासून मन स्वस्थ नाही.

निवृत्तीनंतर मी मालवणात घरी शिकवण्या घेत असे, हे तुला माहीत आहे. एक मुलगी दहावीच्या गणितात नापास होऊन आली. आई मासे विकायची. फेरपरीक्षेत सुटली तर अकरावी, नाहीतर आईबरोबर बाजारात, असं घरात ठरलं होतं.

पहिल्याच दिवशी मी तिला एक गणित घातलं. टोपलीतले अर्धे बांगडे एकीने नेले, उरलेल्यांतला तिसरा भाग दुसरीने, मागे चोवीस राहिले. तर एकूण किती?

"बाहत्तर," ती म्हणाली. वहीवर पेन टेकलं नव्हतं.

"कसे?"

"बाई, चोवीस म्हणजे दोन वाटे. मगे एक वाटो बारांचो. तीन वाटे छत्तीस. तितकेच आदी गेले."

लहानपणापासून ती किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्यातल्या मासळीचे वाटे पाडताना बघत आली होती. शेवटाकडून मागे येत हिशेब करायची, आणि चुकत नसे. मला ते दिसत होतं. तरीही मी बाकीच्या मुलांकडे वळून म्हटलं, "ही मासळीबाजारातली रीत. एक्स न मानता काढलेलं उत्तर चोरीचं. असं उत्तर लिहायचंच नाही." मुलं हसली. एकाने नाक दाबलं. त्याला मी काही बोलले नाही.

दोन महिने मी तिची बरोबर उत्तरं लाल पेनाने खोडत राहिले. ती मान खाली घालून "एक्स मानू" लिहायची आणि तिथेच अडायची.

ती पुन्हा नापास झाली. मी हट्टाने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. शाब्दिक उदाहरणांखाली नीट अक्षरात "एकूण संख्या एक्स मानू" आणि पुढे कोरं. नुसत्या उत्तरांनाही एकेक गुण मिळाला असता. तिला दोन कमी पडले होते.

तिची आई दारात आली. पायरी चढली नाही.

"उत्तरां येत होती तिका. तुमीच नको म्हटलात, म्हणान तिना लिवूक नाय."

मी तिला म्हणाले, परीक्षेची शिस्त असते. खरंच म्हणाले.

आता ती मुलगी आईच्या जागी बसते. मी दुसऱ्या कोळणीकडून मासे घेते. मागच्या आठवड्यात ती कोळीण आली नव्हती, म्हणून त्या मुलीपुढे उभी राहिले. एका टोपलीवर आम्ही तिघी गिऱ्हाइकं होतो. तिने एकदा बघितलं आणि न मोजता तीन वाटे पाडले. मी सवयीने माझे बांगडे मोजू लागले.

"बाई," ती शांतपणे म्हणाली, "पायऱ्यो लिवन देव काय?"

शेजारच्या बायका हसल्या. या वेळी नाक कोणी दाबलं नाही.

तुझ्या बाईंचं बरोबर आहे, हे मी आजही खोडत नाही. पण तुझं उत्तर तू लिहिलंस, ते बरं केलंस.