वाघाईच्या डोंगरावर खांदशेकणी

दारव्ह्याच्या बसस्टँडसमोरून सकाळी काळीपिवळी जीप सुटली, तेव्हा आत माणसांपेक्षा बैलांचं सामान जास्त होतं. दुसऱ्या दिवशी पोळा. गोंडे, वेसणी, झुली, कागदी बाशिंगं आणि या सगळ्याच्या वर, टपाला टेकलेली, माझी निळी पाठपिशवी. माझ्या मांडीवर बसलेले एक गृहस्थ (हो, मांडीवरच, काळीपिवळीत जागा नसते, फक्त सोय असते) त्या पिशवीकडे बराच वेळ बघत होते.

"भाऊ, हे कोन्त्या बैलाचं हाय?" त्यांनी विचारलं.

"माझंच आहे. डोंगर चढायला चाललोय."

"पोयाच्या तोंडावर? कायले?"

पलीकडे बसलेली माझी बायको सुमन खिडकीबाहेर बघून हसली. ती माझ्या सोबतीला आली नव्हती, पंच म्हणून आली होती.

झालं होतं असं, की पुण्यात नोकरी करणारी आमची मुलगी पुढच्या महिन्यात हिमालयात पायी फिरायला जाणार होती आणि तिनं फोनवर म्हटलं होतं, "बाबा, तुम्ही चला माझ्यासोबत." सारा जन्म कापडाच्या दुकानात गादीवर बसून काढलेल्या माणसाला कुणी हिमालयात बोलावलं, तर तो काय म्हणणार? मी हो म्हणून बसलो. मुलीनं सामानासकट पिशवीही पाठवून दिली. पण सुमननं अट घातली. "हे सगळं ओझं घेऊन आपल्याकडचा एक डोंगर चढून उतरून दाखवा. टेकलं तं चालते. पन दुसऱ्याच्या खांद्यावर गेलं, का हिमालय रद्द." मुलीसोबत चार दिवस चालायला मिळणं, एवढीच माझी या वयातली हौस होती, आणि ती आता दोन पट्ट्यांवर लटकत होती.

दिग्रसच्या रस्त्यावर एका फाट्यावर उतरलो, तेव्हा ऊन असं लख्ख होतं की छत्री आणल्याबद्दल मी सुमनला चिडवलं. तिच्याकडे छत्री आणि दशम्यांची कापडी पिशवी, बस्स. माझ्याकडे तंबू, झोपायची पिशवी, स्टोव्ह, दोरी, पाणी, कोरडे कपडे आणि एक भोंगा, जो अस्वल आल्यास वाजवायचा होता. सोयाबीनच्या बांधावरून निघालेली वाट पुढं सागाच्या रानात शिरली आणि चढ लागला. पहिल्या चढावर मी गाणं म्हणत होतो. दुसऱ्यावर गुणगुणत होतो. तिसऱ्यावर माझ्या तोंडून जे निघत होतं, त्याला सुमननं "भोंगा वाजला का?" असं विचारलं.

अर्ध्या वाटेत आभाळ भरून आलं. मी पिशवीतून प्लॅस्टिकचा झगा काढून अंगात घालेपर्यंत पाऊस येऊन गेलासुद्धा. झगा काढून घडी घातली, तर पुन्हा सर आली. हा खेळ तीनदा झाला. चौथ्यांदा मी शहाणपणानं झगा अंगावरच ठेवला, तर कडक ऊन पडलं आणि आतल्या आत माझी इडली झाली. शेवटी माथ्याजवळ वाऱ्याचा एक झोत आला आणि झगा दरीवरून तरंगत कुणाच्या तरी कपाशीत जाऊन पडला. सुमन छत्री मिटवून शांतपणे दशमी खात होती.

माथ्यावर वाघाईचं दगडी ठाणं आहे. आम्ही पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की देवीला नमस्कार करताना मी आधी खांबाला केला. मग एकाएकी पडदा सरकावा तसं धुकं हटलं आणि खाली सगळं शिवार उघडं पडलं. हिरव्यागार कपाशीचे चौकोन, पाण्यानं भरलेले नाले, एका बाजूला पाऊस आणि दुसऱ्या बाजूला ऊन. मी फार खूश झालो. चढ संपला होता आणि ओझं माझ्याच पाठीवर होतं. उतरायला काय लागतं?

उतारावर पठार आहे, तिथं चार-सहा घरांची वस्ती. तिथवर पोचताना पुन्हा धो धो पाऊस आला आणि आम्ही पहिल्याच गोठ्यात शिरलो. गोठ्याचे मालक नामदेवभाऊ आणि त्यांची म्हातारी आई, दोघंही बैलांच्या मागं लागले होते. चुलीवर पाणी तापत होतं, वाटीत लोणी आणि हळद, बाजूला पळसाची पानं. खांदशेकणी (पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायची रीत) खरं तर संध्याकाळी करतात. पण पावसाचा नेम नाही, म्हणून त्यांनी दुपारीच उरकायला घेतली होती.

आजीनं आधी आम्हाला भाकर आणि अंबाडीची भाजी दिली. पिशवी टेकवून मी ओला सदरा पिळायला काढला आणि आजी किंचाळली.

"अरे बाप्पा! याचे खांदे तं पाह्य, नामदेवा! जुवानं सोलून काढले!"

पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर लाल वळ उठले होते. मी "काही नाही, काही नाही" म्हणेपर्यंत तिनं मला दोन बैलांच्या मधे बसवलं, पळसाचं पान गरम पाण्यात बुडवलं आणि शेकायला सुरुवात केली. मग लोणी-हळद. काय सांगू तुम्हाला! इतकं सुख मला माझ्या लग्नातल्या हळदीतही मिळालं नव्हतं. डावीकडचा बैल डोळे मिटून उभा होता. मीही मिटले. शेवटी आजीनं आधी बैलांच्या आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून रीतीप्रमाणे आवतन (जेवणाचं आमंत्रण) दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पाऊस थांबला. मी पिशवी उचलायला वाकलो, तर आजी आडवी उभी.

"हे काय करून राह्यला तू? खांदे शेकले न आता? पोया होयेपर्यंत शेकल्या खांद्यावर जू ठेवत नाही."

"आजी, मी बैल नाही."

"बैल आयकते तरी," आजी म्हणाली.

मी गयावया केली. हिमालय, मुलगी, अट, सगळं सांगितलं. आजीनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "या घरात असं कधी झालं नाही. आपल्या दारातून शेकलेला जीव ओझं घेऊन गेला तं वर्षभर मले चुटपुट लागन."

"मी देतो न फाट्यापर्यंत आणून," नामदेवभाऊ म्हणाले. भला माणूस. पण त्यांच्या खांद्यावर पिशवी म्हणजे हिमालय रद्द. मी सुमनकडे पाहिलं. म्हातारीचं मन मोडवेना आणि मुलीचं बोलावणं सोडवेना.

सुमननं छत्री माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि पिशवी स्वतःच्या पाठीवर घेतली. एकदा डगमगली, पट्टे आवळले, आणि निघाली.

उतारभर ती पुढं आणि मी मागं. काळ्या चिखलात मी रिकाम्या हातानं दोनदा बसलो. ती एकदाही नाही. मधूनमधून थांबायची, श्वास घ्यायची, पण बोलायची नाही. तिचं हे न बोलणं मला चांगलं ठाऊक आहे. निकाल लागला होता, फक्त जाहीर व्हायचा होता.

घरी पोचून पाय धुतो न धुतो तोच मुलीचा फोन आला. "आई, बाबांना जमलं का गं?"

मी पंख्याखाली हळदीच्या वासात बसलो होतो.

"चढताना त्यायनं आनलं, उतरताना मी," सुमन म्हणाली. मग दोन्ही हातांनी स्वतःचे खांदे चोळत राहिली. "पोरी, हे एवढं एकट्याच्या पाठीवर देत असतेत का? पार जीव निघाला असन बाबाचा, अन् मी आपली मागून हसत होतो. तू असं कर, दोन लहान पिशव्या घे. मी बी येतो."

"बाबांना विचारलंस का?" मुलीनं विचारलं.

सुमननं माझ्याकडे पाहिलं. मी जोरात मान डोलावली, आणि ती फोनमध्ये म्हणाली, "हो म्हनतेत."