भिंतीला पाजलेलं पाणी

हसणार नाही असं कबूल करत असाल तर सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच. आमची अख्खी गल्ली वर्षभर हसतेय. मी आता चिडायचंसुद्धा सोडून दिलंय, माणूस थकतो हो!

लातुरात घर बांधलं तेव्हा हॉलच्या एका भिंतीला मी मोठ्या हौसेनं टेक्स्चर मारून घेतलं. तेव्हा फॅशनच होती ना! भिंत इतकी खडबडीत की टेकून बसलं तर शर्टाचे धागे निघायचे. धूळ एकदा बसली की ती घरचीच झाली. शाळेतून रिटायर झाल्यावर मी दिवसभर त्या भिंतीसमोर बसायला लागलो, आणि मला वाटायला लागलं, आपण पैसे देऊन भिंतीला खरूज लावून घेतलीय.

मागच्या वर्षी महालक्ष्म्या चार दिवसांवर आलेल्या. आमच्याकडे त्या उभ्या राहतात त्याच भिंतीपुढे. सकाळी सकाळी बायको म्हणाली, "अहो, ह्या भिंतीचं काय तरी करा बगा. हिला चिकटपट्टी धरंना, काय न्हाई."

एवढं बोलून सुमन एसटीनं निलंग्याला निघाली. तिथं तिच्या बहिणीचं कापडाचं दुकान आहे, महालक्ष्म्यांच्या साड्या दरवर्षी तिथूनच येतात. दारातून परत वळून म्हणाली, "आणि दोन्ही ड्रमला हात लावू नका. सणाच्या स्वयंपाकाचं पाणी हाय ते."

आता लातूरकरांना सांगायला नको, पण तुम्हाला सांगतो. आमच्या गल्लीत नळ येतात आठ दिवसांनी. कालच येऊन गेले होते. म्हणजे पुढचं पाणी महालक्ष्म्या उठल्यावरच. दोन ड्रम म्हणजे अख्खा सण होता आमचा!

मी आमच्या मस्तानभाई पेंटरला फोन लावला. तो उदगीरला कामावर.

"टेक्स्चर निकालना है? पहले पानी मारके भिगाना पडता, मास्तर. फिर खरवडना. लेकिन तुम हात मत लगाव. मैं परसो आतूं."

परवा? बायको संध्याकाळी येणार आणि मी परवापर्यंत थांबू? तीस वर्षं पोरांना गणित शिकवलंय, एक भिंत खरवडता येणार नाही? मी शेतातलं जुनं खुरपं काढलं. बादलीनं पाणी मारून पाहिलं, पण दोन बादल्यांतच खांदा धरला. मग डोकं चालवलं. नळाला लावायची मोटर ड्रमला जोडली, पाइप हॉलमध्ये घेतला आणि भिंतीवर धार सोडली. वाटलं, थोडंसंच वापरू, कुणाला कळणारे?

त्या टेक्स्चरनं एक थेंब प्यायला नाही. सगळं पाणी फरशीवर, फरशीवरून ओट्यावर, ओट्यावरून गल्लीत. मी आपला चष्मा पुसत खुरप्यानं भिंत खरवडतोय. तळहाताएवढा तुकडा निघाला तेव्हा कोण आनंद झाला मला!

तेवढ्यात बाहेर समोरचे बब्रुवान आण्णा ओरडले, "नळ आले! नळ आले रे!"

आमच्याकडे ही आरोळी ऐकली की माणूस विचार करत नाही, पळतो. धडाधड दारं उघडली, घागरी वाजल्या, दहा-बारा मोटरी एकदम सुरू झाल्या. कुणाची भाकर तव्यावर राहिली, कुणी तोंडाला साबण तसाच ठेवून आलं.

आणि मी काय केलं असेल? मीही पळालो! लागोपाठ दुसऱ्या दिवशी नळ म्हणजे केवढं नशीब! ड्रम परत भरून ठेवू, सुमनला पत्ताही लागणार नाही. ड्रमची मोटर काढली, नळाला लावली, बटण दाबलं. नळातून नुसती हवा! फुस्स.

पाच मिनिटांत सगळी गल्ली रस्त्यावर. शेजारच्या शोभावहिनींची कोरडी मोटर जळाली होती, धूर निघत होता.

"कोण म्हणलं नळ आले म्हणून?"

"म्या म्हणलो," आण्णा म्हणाले. "मोटर वाजत होती, गटारीला पाणी चाललं होतं. म्हणलं, आलेच."

"पण पाणी आलं कुठून?"

सगळ्यांच्या नजरा ओल्या रस्त्यावरून सरकत सरकत आमच्या ओट्यावर आल्या. ओट्यावर मी उभा. अंगावर पांढरा चुरा, हातात खुरपं.

"मास्तर," आण्णा हळूच म्हणाले, "तुमी घरात काय करायलाव?"

काय सांगू? सांगितलं. शोभावहिनींनी कपाळाला हात लावला. त्यांची मोटर मीच दुरुस्त करून दिली, तो भाग वेगळा.

संध्याकाळी सुमन आली. तिनं चिखल झालेला हॉल पाहिला, ठिगळ पडलेली भिंत पाहिली. मग जाऊन दोन्ही ड्रमांत वाकून पाहिलं. एकात तळाला तांब्याभर पाणी, दुसरा कोरडा ठाक.

"अगं, तूच म्हणालीस ना भिंतीचं काय तरी करा..."

ती खाली बसली. तिचा आवाज अगदी बारीक आला. "अहो, दरवर्षी मागं पडदा लावतो आपण. चिकटपट्टीनं धरंना, म्हणून दोन खिळे ठोका म्हणत होते मी. दोन खिळे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला इतकं वाईट वाटलं की घरात तेवढंच पाणी उरलंय, हेसुद्धा बोलायची हिंमत झाली नाही.

सण मात्र झाला. गल्लीनं केला. प्रत्येक घरातून एक-एक घागर आली. शोभावहिनींचीसुद्धा! आण्णांनी दोन आणल्या आणि मला बाजूला घेऊन बजावलं, "मास्तर, हे पाणी माणसासाठी हाय बरं का. भिंतीला पाजू नगा."

महालक्ष्म्यांच्या मागे पडदा लागला, सुमननं दोन मिनिटांत ठोकलेल्या दोन खिळ्यांवर. दर्शनाला आलेल्या बाया हळदी-कुंकू वाहायच्या, हात जोडायच्या आणि जाता जाता पडदा उचलून माझ्या भिंतीचंही दर्शन घ्यायच्या.

औंदा महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या तेव्हा सुमननं सकाळीच माझ्या हातात पिशवी दिली, एसटी स्टँडवर सोडायला स्वतः आली आणि म्हणाली, "साड्या आणायला औंदा निलंग्याला तुमीच जावा. अन् मुक्काम करूनच या."