मानाजीरावांचा अवसर

चेन्नईजवळच्या तांबरमच्या गटार-पंपावर मानाजीरावांचा करार सगळ्यांना तोंडपाठ होता. न होऊन सांगतो कुणाला? युनियनचे सेक्रेटरी म्हणून मानाजीराव तो रोज चहाच्या वेळी ऐकवत: पूर, वादळ किंवा आग असेल तरच सुट्टीवरच्या माणसाला तातडीच्या कामाला बोलवायचं. एरवी तो आपखुशीनं आला तरच. हे कलम मिळवताना त्यांनी साहेबलोकांच्या नाकी नऊ आणले होते.

आणि गंमत बघा. ज्या रविवारी त्यांच्या मुलीला, जननीला, बघायला नुंगंबाक्कमची मंडळी यायची होती, नेमका त्याच सकाळी पंप बसला. गल्लीतलं गटार तुंबून पाणी थेट त्यांच्या उंबऱ्यापुढच्या कोलमपर्यंत, म्हणजे रांगोळीपर्यंत आलं. मुलगा इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, त्याची आई स्वच्छतेची भारी कडक. हे स्थळ हातचं गेलं तर पोरीला तोंड कसं दाखवायचं? पंपाची मोटर दुरुस्त करता येणारा एकटा रामस्वामी, आणि तो आठवड्याच्या सुट्टीवर.

त्यांच्या पत्नी जयंतीबाई म्हणाल्या, बोलवा की त्याला. पण कोणत्या तोंडानं बोलवणार? मग मानाजीरावांनी शक्कल लढवली. हुकूम साहेबानं सोडावा, शिव्याही त्यानंच खाव्यात. पुण्याहून नुकत्याच आलेल्या पाटणकर साहेबांना त्यांनी फोन लावला आणि आपल्या तंजावरी मराठीत सांगितलं, "साहेब, आज अवसर आहे. रामस्वामीस सांगा."

आता तंजावरकरांच्या घरात अवसर म्हणजे तमिळसारखीच तातडी. पुण्यात अवसर म्हणजे सवड! साहेब खूश झाले. त्यांनी रामस्वामीला कळवलं, तुमचे सेक्रेटरीच म्हणतात तुम्हाला आज सवड आहे, तर या.

रामस्वामी आला, पण पंपावर नव्हे. वेष्टीचं धोतर वर खोचून, पाणी तुडवत तो मानाजीरावांच्या दारात उभा राहिला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा तमिळमध्ये त्यानं विचारलं, माझी सुट्टी तुला सवड वाटते काय? मानाजीराव गडबडले. सवड नव्हे रे, तातडी म्हणालो, असं सांगून बसले.

"तातडी? मग पूर आहे, वादळ आहे की आग?"

मानाजीरावांनी पाण्याकडे पाहिलं. चांगलं घोट्याएवढं होतं. दाराआडून जयंतीबाई कुजबुजल्या, "पूर म्हणा हो." जीभ वळायलाच आली होती. पण तोच शब्द उद्या साहेब वापरतील, मग कुणाची सुट्टी राहणार?

"काहीच नाही," ते म्हणाले. "करारात बसत नाही. तू घरी जा."

रामस्वामी जागचा हलला नाही. साहेबाला कशाला मध्ये घातलंस, मला विचारायला लाज वाटली का, एवढंच म्हणाला. मानाजीरावांनी हात जोडले. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी मागण्या मांडणाऱ्या या माणसाला स्वतःसाठी मागणं किती जड गेलं म्हणून सांगू!

"माझ्या पोरीसाठी येतोस का?"

नुंगंबाक्कमची मंडळी आली तेव्हा पाणी ओसरत होतं, आणि मुलीचे वडील कुठे दिसेनात. ते पंपघरात रामस्वामीसाठी टॉर्च धरून बसले होते. हे काम तुझ्या पदाचं नाही, करार मोडतोयस, असं रामस्वामीनं त्यांना दोनदा सुनावलं. आणि दोन्ही वेळा टॉर्च जरा खाली धरायला सांगितलं.